सेफ्टी रेझर: ब्लेड निवडायचं कसं आणि हात बसवायचा कसा

सेफ्टी रेझर, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेलं सुटं ब्लेड बसवायचा रेझर, घेणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. पहिल्या आठवड्यात मान सोलवटते, हनुवटीखाली रक्ताचे दोन-चार ठिपके येतात, आणि माणूस थेट दुकान गाठून दुसरं ब्लेड आणतो. तेही कापतं. मग साबण बदलतो, मग रेझर बदलतो, आणि शेवटी सगळं माळ्यावर टाकून परत कार्ट्रिजकडं, म्हणजे ब्लेडं बसवलेलं तयार डोकं असलेल्या रेझरकडं, वळतो.

कार्ट्रिजचं डोकं हलतं असतं, त्यामुळं कोन ते स्वतःच धरतं आणि थोडा जोर पडला तरी खपून जातं. सेफ्टी रेझरमध्ये कोन आणि जोर दोन्ही तुमच्या हातात. ब्लेड, साबण आणि हात एकदम बदलत राहिलात, तर दोष कशात आहे हे कधीच कळणार नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पाणी आणि फेस आधी, हात त्यानंतर, ब्लेड सगळ्यात शेवटी.

१. खरेदी: सुरुवातीला एकच ब्लेड

कोल्हापुरात महाद्वार रोडवरचं कटलरीचं दुकान असो की लक्ष्मीपुरीतला होलसेलवाला, सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, टोपाझ यांतलं काही ना काही मिळतंच. "मामा, यातलं एक पाकीट द्या" म्हणायचं आणि निघायचं. शंभराचा डबा स्वस्त पडतो म्हणून उचलू नका. ते ब्लेड तुमच्या चेहऱ्याला मानवलं नाही, तर उरलेल्या ब्लेडचं करणार काय?

जपानी फेदर, अस्त्रा, तुर्कस्तानचं डर्बी ही ब्लेडं ऑनलाइन सहज मिळतात. फेदर धारेसाठी नावाजलेलं आहे, आणि नेमकं म्हणूनच पहिल्या महिन्यात ते घेऊ नका. हात बसलेला नसताना जास्त धार म्हणजे प्रत्येक चुकीला जखम.

पाकिटावरच्या 'प्लॅटिनम', 'स्टेनलेस', 'सुपर' या शब्दांवर फार जाऊ नका. आजची बहुतेक ब्लेडं स्टेनलेस स्टीलची असतात. त्यांच्या धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ थर असतो, आणि वरून टेफ्लॉनच्या जातीचा, घसरण सोपी करणारा थर. धार किती आणि ती कातडीवरून किती मऊ जाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धारदार ब्लेड खरखरीत लागू शकतं, आणि मऊ लागणारं ब्लेड राठ दाढीत अडकू शकतं. तुमच्यासाठी कुठलं चांगलं हे दाढीचा राठपणा, कातडी आणि रेझर या तिघांवर ठरतं. मित्राला आवडलेलं ब्लेड तुम्हाला चावलं, तर त्यात दोघांपैकी कुणी खोटं बोलत नसतं.

रेझरबद्दल एवढंच: पहिला रेझर बंद दात्यांचा (ब्लेडखालची कड सलग असलेला) आणि सौम्य असावा. उघड्या दात्यांचा किंवा ब्लेडखाली जास्त फट असलेला रेझर लांब वाढलेल्या दाढीला बरा, पण हातातली चूक तो पोटात घालत नाही.

*तपासा:* पाकिटाचं सील शाबूत आहे, छपाई स्वच्छ आहे, आतल्या ब्लेडवर गंजाचा डाग नाही. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल, तर ते पाकीट जागेवरच ठेवा.

२. केसांची दिशा कागदावर उतरवा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मानेची आग यातूनच होते.

दोन दिवसांची दाढी वाढू द्या. चेहरा कोरडा असताना बोटं वरून खाली, खालून वर, कानाकडून हनुवटीकडं अशी फिरवा. जिकडं हात सुळकन जातो ती केसांची दिशा, जिकडं टोचतं ती उलटी. बोटांना नीट कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा. उलट्या दिशेला तो अडकतो.

गालावर केस बहुधा खालच्या दिशेला असतात. मानेवर मात्र काहीच गृहीत धरू नका. पुष्कळांच्या मानेवर केस खालून वर वाढतात, काहींचे आडवे, काहींच्या घाटीच्या (कंठमण्याच्या) एका बाजूला भोवरा. डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. चेहऱ्याचं साधं चित्र काढून बाण मारा आणि ते महिनाभर आरशाला चिकटवून ठेवा.

३. ब्लेड बसवणं

तीन भागांचा रेझर असेल तर टोपी उलटी धरा, खुंट्या वर. ब्लेड धार नसलेल्या दोन टोकांना धरून खुंट्यांवर ठेवा, त्यावर खालची पट्टी, मग दांडा फिरवा. ब्लेडची कुठली बाजू वर हे पाहण्याची गरज नाही, दोन्ही बाजू सारख्याच असतात.

खरी चूक पुढं होते. दांडा आवळताना टोपी किंचित फिरते, ब्लेड तिरकं बसतं, आणि एका बाजूला धार जास्त बाहेर येते. म्हणून आवळताना टोपी आणि पट्टी बिनधारेच्या टोकांकडून चिमटीत दाबून धरा. मग रेझर डोळ्यासमोर आडवा धरून उजेडाकडं बघा. दोन्ही बाजूंना धारेची रेघ सारख्याच रुंदीची आणि पट्टीशी समांतर दिसली पाहिजे. तशी नसेल तर सैल करा, परत बसवा. डोक्यावरची दोन दारं उघडणारा रेझर असेल तर मूठ घट्ट लागली की थांबा, ताकद लावून फिरवू नका.

*सावध:* ब्लेड पुसू नका, ना टॉवेलनं ना बोटानं. त्यानं धारही बिघडते आणि बोटही कापतं.

काही ब्लेडच्या कोपऱ्यांवर १ ते ४ आकडे छापलेले असतात. ब्लेडची कितवी दाढी चालू आहे हे लक्षात ठेवायला ते उपयोगी पडतात.

४. पाणी आणि फेस

केस पाण्यानं फुगला की मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. त्याला दोन-तीन मिनिटं तरी ओलावा मिळायला हवा. सगळ्यात सोपं म्हणजे आंघोळ आधी, दाढी नंतर. ते जमत नसेल तर चेहरा साबणानं धुऊन कोमट पाण्यात भिजवलेला नॅपकिन दोन मिनिटं धरा. बंबातलं कढत पाणी थेट चेहऱ्यावर घेऊ नका. कातडी लाल होते, आणि नंतरची आग ब्लेडमुळं की पाण्यामुळं हे कळत नाही.

शहरात नळाचं पाणी असेल तर फेसाला अडचण येत नाही. उपनगरांत आणि शहराबाहेरच्या कॉलन्यांत बोअरच्या पाण्यावर चालणारी पुष्कळ घरं आहेत, आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा मळ तयार करतं. फेस पातळ राहतो, लवकर बसतो, आणि ब्लेडला घसरायला थरच उरत नाही. माणूस म्हणतो, ब्लेड ओढतंय. अशा घरात दाढीपुरतं तांब्याभर नळाचं किंवा आरओ फिल्टरचं पाणी बाजूला काढा. ब्लेडवर दोन पाकिटं खर्च करण्याआधी एवढं करून पाहा.

ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटका. क्रीम असेल तर बोटाच्या पेरापेक्षा कमी घ्या. साबणाची वडी असेल तर तिच्यावर ब्रश अर्धा मिनिट फिरवा. मग वाटीत किंवा थेट गालावर फेस काढताना पाणी थेंबाथेंबानं वाढवा. नवशिक्याचा फेस जवळजवळ नेहमी कोरडा असतो. दिसायला भरघोस, पण ब्लेडखाली चिकटणारा.

*तपासा:* फेस चकचकीत दिसतो, मोठे बुडबुडे नाहीत, ब्रश उचलला की टोक वाकतं. चिमूटभर फेस दोन बोटांत घासा. बोटं सरकन घसरली पाहिजेत.

५. कोन आणि जोर

सगळ्या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा. घाई असेल त्या दिवशी सेफ्टी रेझरनं दाढी करू नका.

कोन असा शोधा. रेझरची टोपी गालावर सपाट टेकवा, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर. या स्थितीत ब्लेड कातडीला लागत नाही. आता छोटे हात मारत दांडा हळूहळू खाली आणा. एका जागी केस कापल्याचा बारीक करकर आवाज सुरू होतो. तिथं थांबा. ब्लेड आणि कातडी यांच्यातला कोन तेव्हा साधारण ३० अंशांच्या आसपास असतो. अंश मोजत बसू नका, कानावर विश्वास ठेवा. त्यासाठी नळ बंद, पंखा बंद.

दांडा याहून खाली, चेहऱ्याच्या जवळ गेला की धार कापण्याऐवजी खरवडायला लागते. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: टूल तेच, जॉब तोच, पण टूलचा कोन चुकला की फिनिश खराब.

जोराचं काय? रेझरच्या वजनापेक्षा जास्त काहीही नको. मुठीत धरू नका. दांडा खालच्या टोकाकडं अंगठा आणि दोन बोटांत पकडा, म्हणजे दाबायची सोयच राहत नाही. कार्ट्रिजवरून आलेल्यांचा हात आपोआप दाबतो, विशेषतः हनुवटीवर. पहिले काही दिवस प्रत्येक हाताआधी स्वतःला आठवण करून द्या.

हात दोन-तीन सेंटिमीटरचा, त्याहून लांब नको. चेहऱ्याचं वळण बदललं की कोन बदलतो, आणि लांब हातात ते सांभाळता येत नाही. मोकळ्या हातानं कातडी ताणून धरा. घाटीवर केस काढताना तिथली कातडी बाजूला ओढून सपाट भागावर आणा आणि तिथं कापा. नाकाखाली वरचा ओठ दातांवर ताणा.

*सावध:* रेझर कधीही आडवा, धारेच्या रेषेत सरकवू नका. ब्लेडनं होणाऱ्या खोल जखमा बहुतेक अशाच होतात.

६. हात किती आणि कुठल्या दिशेनं

पहिले दोन आठवडे फक्त सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेनं सगळ्या चेहऱ्यावरून एक फेरी, तुमच्या बाणांच्या चित्राप्रमाणं. संध्याकाळपर्यंत खुंट जाणवतील. जाणवू द्या. सलूनसारखी गुळगुळीत दाढी पहिल्याच दिवशी पाहिजे या हट्टापायी मान सोलली जाते.

आग होत नाही असं सलग काही दिवस दिसलं की दुसरा हात केसांच्या दिशेला आडवा घ्या (रेझर मात्र धारेच्या रेषेत सरकवायचा नाही). उलटा हात त्यानंतर, तोही गालावर आधी. मानेवर उलटा हात पुष्कळांना कधीच मानवत नाही, आणि त्याविना काही अडत नाही. ज्यांचे केस कापल्यावर आत वळून फोड येतात, त्यांनी उलटा हात कायमचा सोडावा.

प्रत्येक हाताआधी नवा फेस. राहिलेल्या दोन केसांसाठी कोरड्या कातडीवर रेझर फिरवणं ही सर्वांत जास्त केली जाणारी चूक आहे.

मिशी ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडं त्यांची कमी नाही. सेफ्टी रेझरचं डोकं रुंद असतं, मिशीची कड नेमकी दिसत नाही. आधी कात्रीनं रेघ आखून घ्या, कडेवरचा फेस बोटानं पुसून रेघ मोकळी करा, मग रेझरच्या कोपऱ्यानं रेघेपासून बाहेर जाणारे छोटे हात मारा. कल्ल्यांचंही तसंच.

७. तुरटी काय सांगते ते ऐका

दाढी झाली की थंड पाण्यानं चेहरा धुवा आणि ओल्या कातडीवर तुरटीचा खडा फिरवा. अर्ध्या मिनिटानं धुऊन टाका. जिथं झोंबतं तिथं कातडी खरवडली गेली आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. झोंबण्याची जागा लक्षात ठेवली की दोष शोधणं सोपं जातं.

पहिल्याच हाताला, गालावरच, केस ओढल्यासारखे वाटले तर आधी फेस आणि भिजवण्याची वेळ बघा, मग ब्लेडचं वय.

गाल छान आणि मान झोंबते? ब्लेडला बोल लावू नका. तेच ब्लेड गालावरून नीट गेलं आहे. दिशा किंवा जोर चुकतोय.

टाचणीएवढे रक्ताचे ठिपके म्हणजे जोर. कुठंही कापलं नाही तरी सगळीकडं आग, म्हणजे दांडा फार खाली, किंवा गरजेपेक्षा जास्त हात. साबण नवा असेल तर एक दिवस तोच साबण ब्लेडशिवाय लावून धुऊन बघा. तरीही झोंबला तर दोषी सापडला.

त्रास एकाच बाजूला होत असेल तर ही खूण वापरा: रेझर १८० अंशांत फिरवून दुसऱ्या धारेनं तीच बाजू करा. त्रास धारेबरोबर गेला तर ब्लेड तिरकं बसलं आहे. त्रास गालाच्या त्याच बाजूला राहिला तर हात तिथं वेगळा पडतोय. उजव्या हाताच्या माणसाचा बहुधा चेहऱ्याच्या डाव्या बाजूला मनगटाचा कोन बिघडतो.

८. आता ब्लेडची परीक्षा

तुरटी झोंबायची थांबली की तुमचा हात बसला. दुसरं ब्लेड आणायची वेळ ही. तीन-चार जातींची एकेक पाकिटं पुरेत, त्यात एखादं धारदार असावं. साबण, पाणी, रेझर, हातांची संख्या, काहीही बदलायचं नाही. बदलणार फक्त ब्लेड.

एका ब्लेडवर तीन दाढ्या करा आणि वहीत लिहा: ब्लेडचं नाव, कितवी दाढी, ओढलं का, तुरटी कुठं झोंबली, संध्याकाळी खुंट किती. काही ब्लेडं पहिल्या दाढीला खरखरीत लागतात आणि दुसरीला खुलतात, म्हणून पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. मात्र पहिल्याच हातात जोरात ओढलं, तर सहन करत बसू नका. एकाच पाकिटातलं एखादं ब्लेड खराब निघू शकतं. त्याच पाकिटातलं दुसरं लावून बघा. तेही तसंच निघालं, तरच ती जात बाद.

दोन नव्या ब्लेडांच्या मध्ये एकदा जुन्या, ओळखीच्या ब्लेडवर परत या. तुलना त्याच्याशी करा. ही पायरी सोडली, तर परवाच्या आठवणीवर निकाल दिला जातो.

९. ब्लेडप्रमाणं हात बदला

फेदरसारखं धारदार ब्लेड: जोर शून्य, दांडा किंचित वर, हात कमी. तीन हातांची दाढी ते दोन हातांत देतं. तिसरा घेतलात तर कातडी जाते. एकदा कापलेल्या जागेवरून परत परत जाण्याची सवय इथं फार महागात पडते. राठ दाढी आणि सौम्य रेझर असेल तर ही जोडी मला सर्वांत पसंत आहे. रेझर आवरतो, ब्लेड कापतं.

कमी धारेचं, मऊ ब्लेड: भिजवायला जास्त वेळ द्या, फेस दाट पण ओला ठेवा, हात आणखी छोटे करा. ब्लेड लवकर बदला. ओढायला लागलं की बहुतेक जण दाबतात, आणि मऊ ब्लेडनं कापून घेतात ते इथंच. तिथं थांबून परत फेस लावा. तरीही ओढलं तर ब्लेड काढून टाका.

ब्लेड किती दाढ्यांचं? साधारण ३ ते ५. राठ दाढीला तीनच, विरळ दाढीला सातपर्यंतही जातं. आकड्यापेक्षा खूण बघा: कालपर्यंत न झोंबणारी जागा आज झोंबली, की ते ब्लेड संपलं. देशी ब्लेड इतकं स्वस्त आहे की जास्तीची एक दाढी काढण्यात काहीच वाचत नाही.

१०. निगा आणि विल्हेवाट

दाढीनंतर रेझर नळाखाली धरा, झटका, आणि बाथरूमच्या बाहेर उभा ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात बाथरूम कोरडी अशी होतच नाही. स्टेनलेस म्हटलं तरी ओलीत राहिलेल्या बारीक धारेला गंज धरतो. बोअरचं पाणी असेल तर शेवटची धुणी राखून ठेवलेल्या चांगल्या पाण्याची द्या, म्हणजे धारेवर क्षार वाळत नाहीत. आठवड्यातून एकदा रेझर उघडून साबणाचा मळ जुन्या टूथब्रशनं काढा.

रेझर आणि ब्लेड घरातल्या घरातही कुणाला देऊ नका. हिपॅटायटिस बी आणि सीसारखे आजार रक्ताच्या सूक्ष्म अंशातून पसरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेहामुळं जखमा उशिरा भरत असतील, तर हा रेझर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकणं ही वाईट सवय आहे. कचरा गाडीवरची माणसं पिशव्या हातानं वेगळ्या करतात, आणि कागद ब्लेडला थांबवत नाही. पत्र्याचा एखादा बंद डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण टेपनं कायमचं चिकटवा. एका डब्यात कित्येक वर्षांची ब्लेडं मावतात. भरला की चिरेवरही टेप लावा, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहा, आणि सुक्या कचऱ्यात न मिसळता गाडीवाल्याच्या हातात वेगळा, सांगून द्या.